मामाजींचे गुडघे आणि दरीतले रोडगे

ट्रेकला जायचं आमच्या घरात कोणी ठरवलंच नव्हतं. सासूबाईंनी परस्पर नवस बोलला होता. मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे बरे झाले तर त्यांनी स्वतःच्या पायांनी दरी उतरायची आणि तळाच्या देवापाशी रोडग्याचा स्वयंपाक करायचा. दिवाळीनंतर गुडघे खरंच बरे झाले.

"नवस तुनं केला, अन् पाय माहे काऊन?" गाडीत बसताना मामाजींनी विचारलं.

"गुडघे तुमचेच दुखत होते ना?" सासूबाई म्हणाल्या.

तुम्ही जाणार असाल तर आमच्या पिपरी मेघेहून पहाटेच निघा, आर्वीवरून कारंजा घाडगे गाठा आणि हायवेच्या ढाब्यावर तर्री-पोहे खाऊन घ्या. पुढे डोंगराकडे कच्चा रस्ता आहे. गाडी शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लावली तर कोणी पैसे मागत नाही.

आमच्यासोबत नातेवाईकांच्या चार गाड्या होत्या. काठावरून खाली डोकावताच त्या सगळ्यांना एकदम गाड्या राखायची काळजी लागली. उतरलो आम्ही चौघंच: सासू-सासरे, नवरा प्रवीण आणि मी. सोबत पंचवीस माणसांची कणीक, वांगी, गंज म्हणजे मोठं पातेलं आणि पोतंभर गोवऱ्या. उतार असा खडा की मुरूम पायाखालून सरकतो आणि मधले कातळ बसूनच उतरावे लागतात. बूट घाला, मी चपलेवर गेले होते. मामाजी दर वळणावर गुडघ्यांना समजावत होते, "सांभाळ रे बाप्पा." पुन्हा अंथरूण धरलं तर काय, या भीतीनं माझा जीव मुठीत होता.

तळाला दोन्हीकडे काळ्या कातळाच्या भिंती, मध्ये नाल्याचं गार पाणी आणि शेंदूर लावलेला देव. पोतं टाकून मी नुसती बघत बसले. मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे, म्हणजेच रोडगे, खरपूस भाजले, वांग्याची भाजी झाली आणि सासूबाईंनी नियम सांगितला: नवसाचा घास दरीबाहेर न्यायचा नाही.

वरून नातेवाईकांचा आवाज आला, "झाले का जी रोडगे? भूक लागून राह्यली!"

"खाली येजा!" सासूबाई ओरडल्या. वरची डोकी काठावरून मागे सरकली.

आम्ही गळ्याशी येईपर्यंत खाल्लं. उरलेलं वानरांनी आनंदानं संपवलं. चढताना अर्ध्यावर मामाजींचा उजवा गुडघा सुजला. प्रवीण पुढून ओढत होता, मी मागून ढकलत होते, सासूबाई रिकामा गंज घेऊन "झालंच, झालंच" म्हणत होत्या. वर नातेवाईक ढाब्यावरचे आलुबोंडे खात होते. त्यांनी विचारलं, "एवढा उशीर काऊन?"

ओढणीचा धुराचा वास दोन धुण्यांनंतरही गेला नाही, आणि मला तो जावासाही वाटत नाही. त्या रात्री मामाजी तेल चोळून पलंगावर पडले होते. देवघरात सासूबाईंनी हात जोडलेले पाहून ते ताडकन उठायला गेले.

"काही बोलू नको वं देवापाशी! पाया पडतो तुह्या!"

"बोलून झालं," सासूबाई म्हणाल्या.

मामाजींनी हळूच विचारलं, "कोणत्या देवाले?"

"डोंगराच्या माथ्यावरच्या."