मॉडेमने लावलेला फोन

भुताखेतांचा विषय निघाला की आमचे बाबा एकच वाक्य बोलायचे — "आपल्याला भूतसुद्धा शिवणार नाही, विटाळ होईल त्याला!" वर्ध्याहून येऊन खडकीच्या कारखान्यात फिटर झालेला, धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस. त्यांच्या हाताखाली वाढलो, त्यात कॉम्प्युटरवाला. तेव्हा माझा असल्या गोष्टींवर किती विश्वास असेल ते बघा! तरी लिहितोय, कारण इतकी वर्षं पोटात ठेवलं... आता ठेववत नाही.

सन २०००चा तो वायटूकेचा गोंधळ नुकताच ओसरला होता. मला विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचं वेड लागलं होतं. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून घरच्या जुन्या मशीनवर ते टाकलं आणि एकाच फोन लाइनवर दोन कॉम्प्युटरना इंटरनेट दिलं. बायको म्हणाली, "कॉम्प्युटर दोन, माणसं दोन, आणि बोलत कुणीच नाही."

हे देवधर बाईंच्या कानावर गेलं. बाई निवृत्त नर्स. खडकी बाजारात दोन खोल्यांत त्यांचं केंद्र होतं — गरजू पेशंटना वॉकर, कमोड खुर्च्या, ऑक्सिजनचे सिलेंडर वापरायला द्यायचं. कुणीतरी त्यांना तीन जुने कॉम्प्युटर दान केले होते.

"तुमचं ते लिनक्स फुकट आहे ना? मग बसवा," बाई म्हणाल्या. "पण फोन एकच आहे आणि तो पेशंटचा आहे. तुमच्या यंत्रामुळे एंगेज लागला आणि कुणाचा श्वास थांबला, तर मी तुम्हाला सोडायची नाही."

मी तिन्ही मशीन जोडली, त्यातलं एक सर्व्हर केलं. कुणी मेल उघडली की सर्व्हर फोनला जोडलेल्या मॉडेमवरून इंटरनेट कंपनीचा नंबर फिरवणार. काम तसं सोपं. केंद्र एक ते चार बंद असायचं, म्हणून मी त्या वेळात जायचो.

...आणि मॉडेम आपणहून डायल करायला लागला. कुणी मेल उघडत नसताना! आधी मी हसण्यावारी नेलं. आतला एखादा प्रोग्राम चोरून बाहेर डोकावत असतो, लिनक्सवाल्यांना हे नवीन नाही. एकेक प्रोग्राम बंद केला. तरी चालूच. बाईंचा पारा चढला. "आज दुरुस्त करा, नाहीतर सगळं भंगारात."

एप्रिलची दुपार होती. बाकीच्या दोन मशीनच्या केबल मी उपटून ठेवल्या आणि सर्व्हरसमोर बसलो. बाई टेबलापलीकडे माझ्यावर नजर ठेवून बसल्या होत्या.

मॉडेमने लाइन उचलली. नंबर फिरला. एरवी पुढे इंटरनेट लागतानाची ती कर्कश किरकिर सुरू होते. ती आलीच नाही... नुसती रिंग वाजत राहिली. अरे, हे कुणाच्या घरी लागतंय? मग पलीकडे कुणीतरी फोन उचलला. मॉडेमच्या स्पीकरमधून एका बाईमाणसाचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"हॅलो, बाई? ह्यांचा सिलेंडर संपलाय हो. जरा घाई करा."

देवधर बाईंनी सवयीने शेजारच्या फोनचा रिसीव्हर उचलला. "आलेच, शिर्केवहिनी. बसतं ठेवा त्यांना." आणि माझ्यावर खेकसल्या, "बघताय काय? तो सिलेंडर उचला!"

रिक्षात सिलेंडर मांडीशी धरून आम्ही स्टेशनपलीकडच्या चाळीत पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. मुलगा कामावर गेलेला. शिर्केकाका खाटेवर एकटे, ओठ निळे, सिलेंडरचा काटा शून्यावर. बाईंचे हात भराभर चालत होते. मी नवा सिलेंडर खाटेला टेकवून धरला. हळूहळू काकांच्या ओठांवर रंग आला, तेव्हा कुठे मला श्वास घेता आला.

"वहिनी कुठे गेल्या?" मी विचारलं.

बाईंचा हात जागच्या जागी थांबला. त्या खाली फरशीवरच बसल्या.

"अहो... त्या तर संक्रांतीच्या आधीच गेल्या. मी स्वतः गेले होते मयताला."

डॉक्टरांना बोलवायला मी तिथला फोन उचलला. टोनच नाही. काका क्षीण आवाजात म्हणाले, "रस्ता खणलाय ना... आठवडा झाला, फोन बंद आहे."

संध्याकाळी परत येऊन सर्व्हरची नोंद तपासली. मशीनने इंटरनेट कंपनीचाच नंबर फिरवला होता. शिर्क्यांचा नंबर त्यात कुठेच नव्हता. क्रॉस कनेक्शन म्हणावं, तर बंद फोनशी कसलं आलंय क्रॉस कनेक्शन? बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारा वाचला ना? झालं तर." त्यानंतर मॉडेमने आपणहून कधीच डायल केलं नाही. काढून टाकू का, विचारलं, तर बाई म्हणाल्या, "हात लावून तर बघा!"

एक सांगायचं राहिलंच. वहिनी न्यूमोनियाने हॉस्पिटलात वारल्या, तेव्हा काका घरी ऑक्सिजनच्या नळीला बांधलेले. शेवटची भेटही झाली नव्हती. बाईंनी त्यांना त्या फोनचं सांगितलं, तेव्हा काकांनी एवढंच विचारलं,

"बोलताना धाप लागत होती का हो तिला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अगदी मोकळा आवाज होता."

काका लहान मुलासारखे रडायला लागले. बाईंनी त्यांची नळी सारखी केली. "रडू नका, ऑक्सिजन वाया जातोय," म्हणाल्या, आणि स्वतःच पदर डोळ्यांना लावला.