पंढरीची उघाडी

पंढरीच्या बापाला करावे गावात सगळे उघाडीवाला म्हणायचे. खारजमिनीच्या बांधाला जी लाकडी झडप असते, ती उघाडी. ओहोटी लागली की आपोआप उघडते, शेतातलं पाणी खाडीत सोडते. भरती आली की खाऱ्या पाण्याच्या रेट्यानं घट्ट मिटते. फळी किती जाड, बिजागर किती सैल, हे बापाच्या बोटांना कळायचं. शेतं नव्या शहरात गेली, बापही गेला. अक्कल तेवढी पंढरीच्या हातात उरली.

गावठाणातल्या तुकड्यावर पंढरीनं तीन मजले चढवले, आठ भाडेकरू ठेवले, स्वतः बायकोसोबत तळमजल्यावर राहिला. गटाराची लाइन तेव्हा गल्लीत आली नव्हती. संडासाच्या टाकीतलं जास्तीचं पाणी पाइपानं खाडीकडे काढलेलं. पण मोठ्या उधाणाला तेच पाणी उलटं फिरून घरात यायचं. मग पंढरीनं पाइपाच्या तोंडाला, तिवरांच्या मुळांआड, एक सागवानी उघाडी बसवली. तेव्हापासून पंधरा वर्षांत एकदाही तुंबलं नाही, म्हणून पुढं लाइन आली तरी त्यानं ती जोडून घेतली नाही. बाप असता तर पाठ थोपटली असती, असं त्याला वाटायचं.

बायको पुतळा. घरात भाडं येत असूनही ओहोटीला चिखलात शिवल्या, खायच्या शिंपल्या, वेचायला जायचीच. "बसून खाल्ला तर गुडघं धरतील," म्हणायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटऱ्यांवर फोड उठले. डॉक्टर म्हणाले, पाण्यातली घाण.

पंढरी पेटला. मैल्याचे टँकर खाडीत रिकामे होतात म्हणून त्यानं रस्त्यात आडवं पडून दोन टँकर अडवले. अर्ज केले, सभा घेतल्या. नेरूळच्या नंदिनीताई, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, त्याच्या जोडीला आल्या. सभेत तो बायकोच्या पायांचं सांगायचा तेव्हा माणसं खाली बघायची. आपला पाइप त्याला आठवायचा नाही असं नाही. आठवायचा. टँकरापुढं आपलं ते काय, एक चूळ, असं म्हणून तो माइक पुढं ओढायचा.

मग नंदिनीताईंनी रंग आणला.

"प्रत्येक घराच्या टाकीत वेगळा रंग टाकू. खाडीत कुठला उतरतो ते दिसेल. पहिलं घर तुमचं, पंढरीभाऊ. मग कोणी आपल्याकडे बोट नाही दाखवणार."

"टाका की!" पंढरी म्हणाला. "उद्या सकाळी धा वाजता."

दहा वाजता भरती ऐन जोरात असणार, हे त्याला कॅलेंडर न बघता ठाऊक होतं.

सकाळी त्याच्या टाकीत हिरवा रंग पडला, शेजारच्या अंकुशच्या टाकीत लाल. सगळी गल्ली बांधावर. अंकुशचा पाइप वरच्या नाल्यात उघडाच होता. दहा मिनिटांत नाला कुंकवासारखा झाला. हिरवा मात्र कुठंच नाही.

अंकुश चिडून म्हणाला, "काय पंढरीदादा, तुमचे भाडेकरू हागतच नाय काय?"

लोक हसले. पंढरीही हसला. वर म्हणाला, "टाकी नीट बांधायची असते, बाला." नंदिनीताईंनी अर्धा तास वाट पाहिली आणि वहीत त्याच्या नावापुढं बरोबरची खूण केली. ती खूण उमटताना त्यानं पाहिली.

दुपारी तो जेवून पडला. पाण्याचं गणित त्यानं सकाळपुरतंच केलं होतं.

चारच्या सुमारास पुतळा दारात उभी राहिली. डोक्यावर शिवल्यांची पाटी. पाय गुडघ्यापर्यंत हिरवेगार.

"लाल तर अंकुशचा होता ना?" तिनं विचारलं.

पंढरी उठून बसला.

"मंग हिरवा आपलाच. तिवरांतून आला, ओहोटीबरूबर. मी तितंच बसते रोज. तुमीच सांगितलाव, आपले बाजूला पानी साफ हाय."

त्यानं बादली आणली, साबण आणला, ओट्यावर तिचे पाय मांडीवर घेतले. कातडीवरचा रंग निघाला. फोडांतला निघेना.

"घासू नका. झोंबतंय."

तो थांबला. ओहोटी लागली की ती पाटी घेऊन निघायची आणि तिकडं त्याची उघाडी उघडायची. पंधरा वर्षं, न चुकता.

"सोनलला फोन करा," पुतळा म्हणाली. "वाशीवरनं येनार हाय शिवल्या न्यायला. नको येऊस म्हनावं." आणि पाटी उचलून ती मागच्या खड्ड्याकडे गेली.

पंढरीनं लेकीला फोन केला. मग हातोडी आणि चार इंची खिळे घेऊन तो अंकुशच्या दारात गेला.

"चल. आन् नंदिनीताईंना फोन लाव. हिरवा दिसला म्हनून सांग. त्यांना बोल, ती खूण खोडा."

"तुमीच सांगा की."

पंढरीनं फोन घेतला. सांगितलं. मग नंदिनीताई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, सगळ्या सभांत तुम्ही त्यांच्या पायांचं सांगत होता."

चिखलात उतरून त्यानं उघाडी हातानं मिटली आणि चौकटीला खिळे ठोकायला घेतले. फळी अजून टणक होती, बापाची शिकवण. अंकुश बांधावरून म्हणाला, "दादा, आता वरच्या आठ घरांचा सगळा तुमचे मोरीत येल."

"लाइन जोडून मिळेपर्यंत येऊ दे," पंढरी म्हणाला. "आपलाच हाय."

परत आला तेव्हा पुतळा ओट्यावरच होती. त्याचे चिखलाचे पाय तिनं पाहिले. बादली तिथंच होती. तिनं ती पुढं सरकवली नाही.