मिशी, पदर आणि अंगठा

पन्नाशी उलटल्यावर मी शनिवार पेठेतल्या जर्मनच्या वर्गात नाव घातलं. बाकी सगळी खराडीच्या आयटीतली पोरं. जर्मनमध्ये प्रत्येक वस्तूचं लिंग पाठच करावं लागतं, आणि माझं रोज चुकायचं. शेवटी शिकवणाऱ्या तरुण बाई गोड आवाजात म्हणाल्या, "काकू, परीक्षेचं राहू द्या. आपण नुसतं ऐकायला बसत जा."

ऐकायला? मी काय कीर्तनाला आले होते?

घरी स्वयंपाकघरात तालीम सुरू केली. चमचा पुल्लिंगी, म्हणून 'डेर ल्योफेल' म्हणताना मिशीला पीळ. काटा जर्मनांकडे स्त्रीलिंगी, म्हणून 'डी गाबेल' म्हणत पदर सावरायचा. सुरी नपुंसकलिंगी, म्हणून 'दास मेसर' म्हणत बाळासारखा अंगठा तोंडात. "अगं, शेजारी बघतायत!" नवरा कुजबुजला. मी खिडकी सताड उघडली.

पुढच्या आठवड्यात वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, "विचारा." बाईंनी विचारलेला प्रत्येक शब्द मी अभिनयासकट सांगितला. एकही चुकला नाही.

"हातवारे न करता सांगता येईल?" बाईंनी विचारलं.

"येईल. पण सांगणार नाही. माझं नाव परीक्षेला घाला."

बाईंनी नाव यादीत घातलं. तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी नसलेल्या मिशीला पीळ देत होती.