आमच्या घरात दुपारी झोपायचं नाही

वहिनी गेली तेव्हा माझी भाची पहिलीत होती. भाऊ, वहिनी आणि ती असे तिघे भिवपुरी स्टेशनजवळच्या एका चाळीत भाड्याने राहायचे. भावाचा टेंपो आहे. खालापूरकडच्या कारखान्यांचा माल तो इकडून तिकडे पोचवतो. त्या दिवशीही तो सकाळीच निघून गेला होता. वहिनीचं डोकं दुखत होतं. जेवण उरकून ती आतल्या खोलीत आडवी झाली आणि पोरीला म्हणाली, "बाय, मी जरा पडते. मला उठवू नको हां." बायने उठवलं नाही. मधे शेजारची बाई पातेलं परत द्यायला आली, तर ही दारात उभी राहिली, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आई झोपलीय. नंतर या." शेजारीण परत गेली. संध्याकाळी भाऊ घरी आला तेव्हा वहिनी गार पडली होती. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले.

हे सगळं आम्हाला कळलं ते शेजारणीच्या तोंडून. वहिनीला बाहेर ठेवलं होतं, माणसं जमली होती, आणि ती बाई ऊर बडवून सांगत होती, "पोरगी दारात उभी हुती गं! आई झोपलीय म्हनाली! मला मेलीला काय म्हाईत!" तेव्हा भावाने मान वर केली आणि समोर उभ्या असलेल्या पोरीला विचारलं, "मंग उठवायचं नाय? येवढी पन अक्कल नाय तुला?"

मी बायला ओढून जवळ घेतलं. दुःखात माणूस काहीही बोलून जातो म्हणून बाकीच्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. बायने सोडलं नाही.

त्यानंतर दोघं माझ्याकडे राहायला आली, भिसेगावात. माझं घर दोन खोल्यांचं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात माझी मर्जी चालायची. पोशीरच्या बाजूला एका शाळेत मी शिकवते. आठवडाभर पोरांच्या पुढे घसा कोरडा करायचा आणि रविवारी बोंबलाचं कालवण-भात खाऊन ताणून द्यायची, हे माझं एकमेव व्यसन. ते बायने मोडून काढलं. मी आडवी झाले रे झाले की ती येऊन बसायची. डोळा लागला की दोन बोटांनी माझी पापणी वर करायची आणि आत बघायची. मी दचकून उठायचे, ओरडायचे. थोड्या वेळाने पुन्हा बोटं.

भावाचंही तेच. बिचारा पहाटे उठून टेंपो काढायचा, दुपारी मिळाला तेवढा वेळ पाठ टेकायला यायचा, आणि ही त्याला टेकू द्यायची नाही. शेवटी तो टेंपोतच झोपायला लागला. जेवायचा आणि खाली जायचा. बाय खिडकीत उभी राहून टेंपोकडे बघत बसायची. मी हसत म्हणायचे, आमच्या घरात दुपारी झोपायचा कायदा नाही. हसण्यावारी नेलं की गोष्ट लहान होते अशी माझी समजूत होती.

सल्ले द्यायला लोक होतेच. कुणी म्हणे बाहेरचं लागलंय, भगताकडे न्या. कुणी म्हणे, लहान आहे, विसरेल. या "लहान आहे, विसरेल"चा मला फार राग येतो. लहान मूल आपली पेन्सिल विसरतं, डबा विसरतं, म्हणून ते आईचं मरण विसरेल हे कुणी ठरवलं? आणि वरच्या मजल्यावरच्या एक काकू रोज तिला कुरवाळून सांगायच्या, "तुझी आई देवाघरी गेली हो." आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव उचलले ते उचलले. आता त्या देवाचं घर मी कुठून आणू? बायने मला विचारलं, "देवाघरी झोपायला मिळतं?" मी तिला दूध प्यायला लावलं.

दुसरीत गेल्यावर शाळेतून बोलावणं आलं. वर्गातल्या एका मुलीला बरं नव्हतं, तिने बाकावर डोकं टेकलं होतं, आणि बायने तिची पापणी ओढली ती इतकी जोरात की डोळा लाल झाला. मुलीची आई भडकली होती. मी माफी मागितली. बाय शेजारी उभी होती आणि सगळ्यांना एकच सांगत होती, "ती उठत नव्हती. ती उठत नव्हती." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आघात हा शब्द मी डी.एड.च्या पुस्तकात वाचला होता, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. तो माझ्याच घरात माझ्याच उशाशी बसलाय हे मात्र मला दिसलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी एक समुपदेशक बाई यायच्या. माझ्यापेक्षा बऱ्याच तरुण. मला वाटलं, ही काय करणार. त्यांनी बायला काही विचारलंच नाही. बाहुल्या दिल्या, माती दिली. बायने एक बाहुली निजवली आणि तासभर तिला उठवत राहिली. हलवून, थापट्या मारून, पाणी शिंपडून. बाई नुसत्या बघत होत्या. मी कोपऱ्यात बसून पदराने डोळे पुसत होते.

पुढे पुढे त्यांनी तिला एक गोष्ट शिकवली. झोपलेल्या माणसाच्या पोटावर हात ठेवायचा. पोट वर जातं, खाली येतं, म्हणजे माणूस झोपलाय, ठीक आहे, उठवायला नको. सरावाला आधी मी. रविवारी मी पडायचे आणि पोटावर तो छोटा तळवा यायचा. पहिल्या दिवशी तिने तो उचललाच नाही, मीही हलले नाही. हळूहळू पापण्या ओढणं बंद झालं. मला वाटलं, सुटलो.

पण एक गोष्ट सुटत नव्हती. ती आईविषयी बोलायची तेव्हा "काल" म्हणायची. काल आईचं डोकं दुखत होतं. काल ती काकी पातेलं घेऊन आली होती. मी मास्तरीण. मी प्रत्येक वेळी सुधारायचे, काल नाही गं, मागे, पूर्वी. वर्ष झालं तेव्हा आम्ही विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. त्याची पत्रिका छापून आली. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात. बायला नुकतं जोडून वाचता यायला लागलं होतं. तिने आईच्या नावाआधीचा शब्द बोट ठेवून वाचला, का-ल-क-थि-त, आणि माझ्याकडे बघितलं. "आत्या, बघ. काल लिवलंय. तू उगाच मला चुकीचं म्हनतेस."

मी तिला त्या शब्दाचा अर्थ सांगायला लागले आणि अर्ध्यावर थांबले. समुपदेशक बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चुकत नाहीये ती. तिच्यासाठी ते कालच घडलंय. रोज काल घडतंय." मग म्हणाल्या, "मी तिला सांगितलंय की ती झोप नव्हती, आजार होता. हाक मारून उठण्यासारखी तुझी आई राहिली नव्हती. लहान मुलीला ते ओळखता येत नाही, ओळखायचंही नसतं. ती मान हलवते. पण तिला हे माझ्याकडून नकोय. 'उठवायचं नाय?' हे वाक्य तिच्या वडलांचं आहे. त्यांनाच ते परत घ्यावं लागेल."

भाऊ दवाखान्यापर्यंत एकदाच आला होता, तोही टेंपोत बसून राहिला. मी त्याला बाईंचा निरोप सांगितला. तो जेवत होता. ताटावरून मान न उचलता म्हणाला, "मी काय खोटं बोललो? उठवली असती तर दवाखान्यात तरी नेली असती."

"अरे, सहा वर्षांची होती ती!"

"म्हाईत हाय मला."

"मग एवढं म्हण ना तिला, की तुझी चूक नव्हती. काय जातं तुझं?"

तो उठला आणि हात धुवायला गेला. माझा संताप झाला. माझा धाकटा भाऊ, मी कडेवर खेळवलेला, इतका दगड कसा झाला ते मला कळेना. तू बाप आहेस की कोण, असंही मी म्हणाले. तो खाली टेंपोत झोपायला गेला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने ठरवून टाकलं, बायला मामाकडे ठेवायचं. वहिनीचं माहेर खालापूर तालुक्यातलं. मामा-मामी चांगली माणसं, त्यांची पोरं हिच्याच वयाची. शाळाही जवळ. बोलायला सगळं बरोबर होतं. मी विचारलं, "आणि तू?" तर म्हणाला, "येत जाईन ना मी. रस्ता त्येच बाजूचा हाय माझा." मग आवाज खाली गेला. "ताई, मला नाय जमत गं. ती माझ्याकडं बघते ना, मला नाय बघवत." बाय आतून ऐकत होती. आई गेली, आता बापही तिला सोडून देतोय, आणि का, तर आपण उठवलं नाही म्हणून, एवढा हिशेब सात वर्षांच्या पोरीला सहज येतो. तिने स्वतःच आपले कपडे कपाटातून काढून खाटेवर ठेवले.

ती मामाकडे गेली नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे ती पूर्ण बरी झाली असंही नाही. अजून परीक्षा असली, कुणाला ताप आला, की माझ्या पोटावर हात येतोच. पण ती आमच्यात आहे, भांडते, खोटं बोलते, गणितात माझ्यासारखीच कच्ची आहे, आणि तिचा बाप आता टेंपोत झोपत नाही. हे सगळं ज्या दुपारी सुरू झालं ती दुपार मला शेवटी लिहायची आहे.

रविवार होता. जेवून निघायचं ठरलं होतं. बॅग दाराशी भरून ठेवलेली. आदल्या दिवसभर उन्हात गाडी चालवून भावाचं डोकं चढलं होतं. तो म्हणाला, "जरा पडतो. मंग निघू." आणि सतरंजीवर आडवा झाला. बाय त्याच्या बाजूला जाऊन बसली. बाईंनी शिकवल्याप्रमाणे तिने त्याच्या पोटावर हात ठेवला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तो डोळे मिटूनच म्हणाला, "झोपू दे गं बाय. डोकं लय दुखतंय."

ती ताडकन उठली. दोन्ही हातांनी त्याची छाती हलवायला लागली, शर्ट ओढायला लागली. "डोकं दुखताना झोपायचं नाय! ऊठ! बाबा, ऊठ!" मी धावले. तो उठून बसला होता तरी ती त्याला हलवतच होती आणि रडत ओरडत होती, "मी उठवते ना आता? बघ ना, मी उठवते ना!"

मला वाटलं, आता तो हात उगारतो. त्याने तिचे दोन्ही हात धरले. त्याच्या तोंडाकडे बघून मीच घाबरले.

"बाय," तो म्हणाला, "त्या दिवशी मी निघालो ना, तवा आई बोलली मला. डोकं दुखतंय, आज नका जाऊ. मी म्हनालो, गोळी घे नि झोप जरा. पोरीला सांग, उठवू नको म्हनून." त्याने तिचे हात आणखी घट्ट धरले. "मी सांगितलं तिला. उठवू नको असं तुला सांगायला मीच लावलं तिला. मंग सगळ्यांच्या पुढं मी तुलाच बोललो. तुझी काय चूक नाय गं. तू तर फक्त ऐकलंस."

वर्षाहून जास्त दिवस हे तो उराशी धरून हिंडत होता, आणि मी त्याला दगड म्हणत होते. इतकं दुःख मला वहिनीला पोचवून आल्यावरही झालं नव्हतं.

बायचं रडणं थांबलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती. "तू सांगितलंस?" तिने विचारलं.

"हां."

मग तिने त्याच्या हातातून आपले हात सोडवून घेतले, सरकून त्याच्या अगदी जवळ बसली, आणि मोठ्या माणसासारखी समजूत घालत म्हणाली, "मंग बाबा, आपन दोघांनी तिला झोपू दिलं."