दुसऱ्याच्या धर्माचा शनिवार

आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत की त्यातलं घडलं किती आणि मी रंगवलं किती, हे आता माझं मलाच कळत नाही. बायको म्हणते, "तुमच्या किश्श्यांना दरवर्षी नवी पालवी फुटते." ती चुकते आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही.

पण निवृत्त माणसांच्या मंडळात दुसरं होणार काय? कामं कमी, किस्से जास्त. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप वाढत जातात.

आमचं मंडळ कुळगावातल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत शनिवारी सकाळी बसायचं. अंबरनाथच्या निवृत्त मुख्याध्यापिका कांबळेताई, उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये जीन्सचा कारखाना असलेले झमनानी, मोरिवलीच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर नझीरभाई मुकादम, मी आणि आणखी पंधरा-वीस डोकी. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला प्राध्यापक. 'बहुधा' हा शब्द न वापरता मी वर्गात एकही वाक्य पूर्ण केलेलं नाही, असं माझे विद्यार्थी म्हणत. बहुधा खरं असावं.

*

एकदा ठरलं, प्रत्येक धर्माची ओळख करून घ्यायची. कांबळेताई म्हणाल्या, "आपल्या धर्माबद्दल सगळेच गोड बोलतात. दुसऱ्याचा सांगा, मग बघू!"

झालं! नियम ठरला. चिठ्ठी उचलायची आणि निघेल तो धर्म सांगायचा. त्या धर्माच्या माणसाने पहिल्या रांगेत बसायचं, शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही आणि शेवटी उभं राहून निकाल द्यायचा.

झमनानींना बौद्ध धर्म निघाला आणि निकालाला साक्षात कांबळेताई! झमनानी घाम पुसत पंचशील सांगून गेले. ताई उठल्या. "चार शीलं खणखणीत झाली. पाचव्याला, म्हणजे दारू नको म्हणताना, आवाज जरा बसला."

"साईं, ताईंना घरची खबर कोणी दिली?" झमनानी मला विचारत होते.

माझी चिठ्ठी मी उघडली. इस्लाम! म्हणजे निकाल नझीरभाई देणार होते.

*

नझीरभाई म्हणजे काय चीज, ते सांगायला हवं. हा माणूस खोटं बोलत नाही. समोरच्याला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही! माझ्या बायकोची खीर चाखून पहिल्याच भेटीत म्हणाले, "वहिनी, साखर राहिली."

एकदा वाचनालयाखाली दोन शेअर रिक्षा एकमेकींवर आदळल्या. चूक कोणाची, हे अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. नझीरभाई तिथेच उभे होते. हवालदाराने विचारलं, तर म्हणाले, "आवाज ऐकला. पाहिलं नाही, माझी पाठ होती. जेवढं पाहिलं-ऐकलं तेवढीच गवाही देता येते."

कंपनीतल्या यंत्रांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते, कानात मशीन असायचं. मशीन लावूनसुद्धा 'ऐकलं तेवढंच' यावर माणूस ठाम!

*

मी तयारीला लागलो. कुराणाचा मराठी अनुवाद मिळवला. मग चिंता लागली, ठेवायचा कुठे? कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. घ्यायच्या आधी दर वेळी हात धुवायचो. बायको म्हणाली, "एवढे हात प्रयोगशाळेत धुतले असते तर माझे टॉवेल वाचले असते."

पहिल्या पानापासून गोष्टीसारखा वाचायला घेतला आणि गोंधळलो. क्रमच लागेना. नझीरभाईंना फोन केला.

"अहो डॉक्टर, अध्याय एकशे चौदा, पण ते अवतरले त्या क्रमाने लावलेले नाहीत. सुरुवातीची छोटी प्रार्थना सोडली, तर साधारण मोठे आधी, छोटे नंतर."

"मग पैगंबरांना पहिली आज्ञा कुठली झाली?"

"वाच!"

"वाचतोच आहे हो, पण ती आज्ञा कुठली?"

"हीच! 'वाच' हीच पहिली आज्ञा."

मास्तरकी केलेल्या माणसाला याहून बरं काय ऐकायला मिळणार? त्या दिवशी मी न घाबरता जेवलो.

*

तयारीच्या दिवसांतच रमजान आला. नझीरभाईंचा रोजा म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलं, आपणही मंडळात चहा घ्यायचा नाही. तासाभरात खुर्च्यांवरून भांडणं सुरू झाली. झमनानी पंख्यावर चिडले, कांबळेताई झमनानींवर.

शेवटी नझीरभाई उठले, खाली जाऊन चहा सांगून आले. म्हणाले, "रोजा मला जड जात नाही. तुमचा जड जातोय!"

*

अखेर माझा शनिवार उजाडला. थंडीचे दिवस होते. नझीरभाई कानटोपी घालून, पत्नी रुखसानाभाभींना सोबत घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले. चूक झाली तर हा माणूस गोड बोलून झाकणार नाही. आणि त्याला दुखावलं, तर इतक्या वर्षांची दोस्ती त्या पहिल्या रांगेतून उठून निघून जाईल.

पाच स्तंभ सांगितले: अल्लाह एकच आणि मुहंमद त्याचे प्रेषित ही गवाही, नमाज, रोजा, जकात म्हणजे गरिबांसाठी द्यायचं दान आणि ऐपत असेल त्याला हज. ग्रंथ सांगितले: मूसांना तौरात, दाऊदना जबूर, ईसांना इंजील आणि शेवटी कुराण.

झमनानी ताडकन म्हणाले, "म्हणजे येशू यांच्याकडेपण?"

"प्रेषित म्हणून, हो. देव म्हणून नाही." मी नझीरभाईंकडे पाहिलं. चेहरा शांत.

मग हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी. कोणाकडून कोणी ऐकलं, ती माणसांची साखळी तपासायची. मधला एक माणूस कच्चा निघाला, तर ती नोंदही कच्ची.

झमनानी खूश झाले. "आमच्या कॅम्प तीनमध्ये हेच चालतं! किसने बोला, उसको किसने बोला."

"मग तुमची एकही बातमी टिकायची नाही," कांबळेताई म्हणाल्या.

पुढे श्रद्धेच्या सहा गोष्टी. अल्लाह, फरिश्ते, ग्रंथ, प्रेषित, कयामतचा दिवस... आणि सहावी? डोकं कोरं! मी केविलवाणेपणाने नझीरभाईंकडे पाहिलं. ते मंद हसत होते. ओठसुद्धा हलवला नाही. काय तो संयम! नियम म्हणजे नियम!

झमनानींना माझी दया आली. "छोडो ना साहेब! नहीं याद आता तो नहीं. नशीब अपना अपना."

"तेच!" मी ओरडलो. "तकदीर! सहावी तकदीर!"

टाळ्या पडल्या, पण त्या झमनानींना.

*

निकाल उरला होता. नझीरभाई सावकाश उठले. मी टेबलाची कड धरून ठेवली.

"मी पाहिलं ते सांगतो," ते म्हणाले. "हा माणूस तयारी करून आला. बोलताना त्याचे हात थरथरत होते. बोलायला सुरुवात करताना त्याने चष्मा काढून ठेवला होता. इतक्या अदबीने कोणी आमच्याबद्दल बोलताना मी पाहिलेलं नाही. ही माझी गवाही."

आणि त्यांनी मला मिठी मारली. कांबळेताईंनी डोळे पुसले. कधीही खोटं न बोलणाऱ्या माणसाचं प्रमाणपत्र! पुढे कित्येक वर्षं मी ते मिरवलं. आपण कशातच धड नाही, असं वाटलं की तो निकाल आठवायचो आणि बरं वाटायचं.

*

परवाच्या ईदला नझीरभाईंकडे जेवायला गेलो होतो. शीरखुर्मा खाता खाता मी तो निकाल पुन्हा ऐकवला. "माझ्या भाषणात नझीरभाईंना एकही चूक सापडली नव्हती," मी म्हणालो.

रुखसानाभाभींना हसू आवरेना.

"डॉक्टरसाहेब, त्या दिवशी यांचं कानातलं मशीन माझ्या पर्समध्ये होतं! जिना चढायच्या आधीच काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, 'तो चुकला तर मला सांगावं लागेल. त्यापेक्षा ऐकायलाच नको.'"

मी नझीरभाईंकडे वळलो. "खरं का हो हे?"

नझीरभाईंनी शांतपणे कानातलं मशीन काढलं आणि भाभींच्या हातात दिलं.