वेटिंग रूमचा काळ

तीन दिवस आभाळ ओल्या फडक्यासारखं अंगावर पडून होतं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसता दमटपणा. अशा हवेत डिंक काही केल्या वाळत नाही. भोंगेवाल्याने सकाळी शटर वर ढकललं, दिवा लावला, चपला काढायच्याही आधी काल चिकटवलेल्या स्पीकरच्या कडेला करंगळीचं नख लावून बघितलं. अजून चिकचिक होती.

"वाळ की बाबा," तो स्पीकरला म्हणाला. "आज न्यायला येणारेत तुला."

मग त्याने खणातून बायकोचा केस वाळवायचा ड्रायर काढला. सहा वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी नेतो' म्हणून दुकानात आणलेला. तेव्हापासून त्याच्या बायकोचे केस वाऱ्यावर वाळतात आणि ती ते दर रविवारी बोलून दाखवते. अर्धा तास त्याने गरम हवा फिरवली. कडा सुकल्यावर चुंबकाच्या फटीतल्या चार पट्ट्या चिमट्याने एकेक करून ओढून काढल्या. जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या त्या. कॉइल मधोमध बसावी म्हणून घालतात. केसाएवढीही बाजूला सरकली, तर स्पीकर जन्मभर खरखरतो.

स्पीकर एका लाकडी बॉक्समधला होता. मुलांना कीबोर्ड शिकवणाऱ्या कुठल्याशा क्लासमधून वॉचमन आणून टाकून गेला होता. चिठ्ठीवर नुसतं 'क्लासवाल्या बाई' एवढंच.

बॉक्सचे स्क्रू आवळून झाल्यावर भोंगेवाल्याने गल्लीत डोकावून पाहिलं. शनिवार होता. शनिवारी टेलर आणि मास्तर चहाला दुकानात येतात, पण अजून दोघांचा पत्ता नव्हता. तेवढं बघूनच त्याने टेबलाच्या सर्वांत खालच्या खणातली, फडक्यात गुंडाळलेली कॅसेट बाहेर काढली.

आता ही कॅसेट फडक्यात का, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

भोंगेवाला पंचविशीत होता तेव्हा या गावात एक बँड होता, 'तिसरं फाटक'. चार पोरं, दोन गिटार, एक ड्रम आणि एक घोगरा गायक. तीन अल्बम काढले त्यांनी. गाव वेडं झालं होतं. मग घोगऱ्याचं आणि गिटारवाल्याचं भांडण झालं, घोगरा निघून गेला, आणि त्याच्या जागी गिटारवाल्याची धाकटी बहीण उभी राहिली. ती कीबोर्ड वाजवायची आणि हळू गायची. दोन अल्बम तिचे. संथ गाणी, लांबलचक सूर, मध्येच शांतता. लोकांना वाटलं, फसवलं आपल्याला.

भोंगेवाला तेव्हा कार्यक्रमांना आवाजाचं मशीन सांभाळायचा. त्या मशीनवर स्टेजवाल्यांशी बोलायला एक छोटा माईक असतो. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. त्या दिवशी दुपारी चाचणी घेताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून त्याने बटणात आगपेटीची काडी खोचली होती. संध्याकाळी हॉल भरला. ती तिसरं गाणं म्हणत होती. शेजारी मित्र उभे होते, आणि मित्र शेजारी असले की या माणसाच्या जिभेला खाज सुटते. तो म्हणाला, "हा बँड आहे का दवाखान्याची वेटिंग रूम? नंबर आला की सांगा रे, आत जाऊ."

मित्र खदाखदा हसले. आणि तिकडे स्टेजवर ती ओळीच्या मध्येच थांबली. आपल्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरकडे तिने खाली पाहिलं. दोन ओळी तशाच कोऱ्या गेल्या, मग तिने पुन्हा सूर धरला आणि गाणं पूर्ण केलं.

भोंगेवाल्याची नजर काडीवर गेली. त्याने ती उपसून खिशात घातली.

वाक्य मात्र गावभर झालं. त्या दोन अल्बमना लोक 'वेटिंग रूमचा काळ' म्हणायला लागले. बँडने आणखी दोन कार्यक्रम केले आणि गाशा गुंडाळला. हे वाक्य आपल्या भोंगेवाल्याचं, याचा टेलरला आणि मास्तरांना आजही अभिमान. काडीचं मात्र त्याने कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आणि पुढे घडलं ते तर आणखीच अवघड. दुकान टाकलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की घोगऱ्याची गाणी लावून स्पीकर तपासता येत नाही. त्या दणदणाटात कॉइल घासत असली तरी कळत नाही. दोष ऐकायचा तर लांब, एकटा, उघडा सूर पाहिजे. असा सूर तिच्या दुसऱ्या अल्बममध्ये होता, चौथ्या गाण्याच्या शेवटी. कामासाठी म्हणून त्याने ती कॅसेट आणली. शंभर स्पीकर तपासले, पाचशे तपासले, दोन हजार तपासले. केव्हातरी त्याच्या ध्यानात आलं, की स्पीकर तपासून झाला तरी आपण बसूनच आहोत. कॅसेटची बाजू संपेस्तोवर उठवतच नाही. सूर कुठे थांबतो, श्वास कुठे घेतलाय, शांतता किती मोजून ठेवलीय, सगळं पाठ झालं. आणि घोगरा? घोगऱ्याच्या आवाजातली आग म्हणजे निम्मा कफ आणि निम्मा भोंगेवाल्याने फिरवलेला एकोचा खटका. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याचं खरं मत असं होतं, की तो बँड घोगरा गेल्यावरच सुरू झाला.

पण हे मत त्या गावात बोलणं म्हणजे स्वतःच्याच वाक्यावर थुंकणं. अठ्ठावीस वर्षं तो दर शनिवारी टेलर-मास्तरांबरोबर त्या वाक्यावर हसत आला.

तर त्या सकाळी त्याने कॅसेट लावली आणि दाराकडे पाठ करून, कान बॉक्सजवळ नेऊन बसला. चौथं गाणं. शेवटचा सूर. मागून दारातला उजेड थोडा कमी झाला.

"या, बसा," मागे न बघता तो म्हणाला. "एक मिनिट, एवढा सूर जाऊ दे."

सूर गेला. स्वच्छ गेला, कुठे अडखळला नाही.

"खरखर गेली," मागून आवाज आला.

दोनच शब्द. पण जो आवाज माणसाने दोन हजार वेळा ऐकलाय, त्याला दोन शब्द खूप झाले. भोंगेवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो वळला. पन्नाशीची बाई, कापलेले केस, खांद्याला कापडी पिशवी, नाकावर घसरलेला चष्मा. रस्त्यात भेटली असती तर ओळखली नसती.

"क्लासवाल्या बाई?"

"हो. ही कॅसेट कुठे मिळाली तुम्हाला?"

"आहे... जुनी."

"माझ्याकडेसुद्धा नाहीये ही," ती म्हणाली आणि स्वतःशीच थोडी हसली. "नेहमी लावता?"

"प्रत्येक स्पीकरला. हिच्याशिवाय मला दोष कळतच नाही." एवढं बोलून त्याला वाटलं, आता बोलून टाकावं. सगळं. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात गल्लीतून मास्तरांचा खोकला ऐकू आला.

हात आपसूक पुढे गेला. खटका दाबला, कॅसेट काढली, फडक्याखाली सारली, घोगऱ्याची घातली. दोन सेकंदांचं काम. बाई बघत होती.

"काय रे भोंग्या," टेलर पायरीवरूनच ओरडला, "सकाळी सकाळी हे रडगाणं कोण लावतंय? पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. माझी सुई हातातून गळाली!"

"गिऱ्हाइकाचं आहे," भोंगेवाला म्हणाला. आणि त्याला स्वतःलाच थांबवता येईना. "बाईंची कॅसेट. बॉक्सबरोबर आली होती."

बाईने त्याच्याकडे पाहिलं.

मास्तर तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले होते. समोर कुणीही असो, त्यांना तो वर्गच वाटायचा. "बाई, राग मानू नका," स्टुलावर बसत ते म्हणाले. "आवड ज्याची त्याची. पण फाटकाचं ऐकायचं तर पहिले तीन. माझं तर मत असं, की कुठल्याही बँडने तिसऱ्या अल्बमनंतर कायद्यानेच बंद पडावं."

"तीन कशाला? एकच!" टेलर म्हणाला. "पहिला अल्बम उपाशीपोटी केलेला असतो. पुढचे सगळे ढेकर."

"याचं ऐकू नका. याला सगळंच एका मापात बेतायचं असतं."

"आणि तुम्हाला सगळ्याला तीनाने भागायचं असतं!"

बाई खरंच हसली. "आणि शेवटचे दोन?" तिने विचारलं.

"ती तर वेटिंग रूम!" मास्तर म्हणाले. "हे नाव ऐकलंय ना? कुणी ठेवलं माहितीये? हा बसलाय समोर, ह्याने! भर कार्यक्रमात. आम्ही शेजारी उभे होतो, बाई. पोट धरधरून हसलो."

"हो का," बाई म्हणाली. तिने चष्मा वर सरकवला आणि भोंगेवाल्याला नीट, सावकाश पाहिलं. "तुमचा तर कानाचाच धंदा. तुम्ही सांगा. तुमचं काय मत?"

टेलर बघत होता. मास्तर बघत होते. मशीनमध्ये घोगऱ्याची कॅसेट होती. भोंगेवाल्याने पटाशी उचलली, खाली ठेवली.

"पहिलाच काळ खरा," तो म्हणाला आणि हसला. ते हसू त्याचं त्यालाच, कॉइल घासल्यासारखं ऐकू आलं.

बाईने पिशवीतून पैसे काढून टेबलावर ठेवले आणि बॉक्सच्या कडीला हात घातला.

"थांबा, मी पोचवतो," म्हणत त्याने बॉक्स उचलला. गाडी गल्लीच्या तोंडाशी होती. चाळीस पावलं. विसाव्या पावलाला त्याने बॉक्स दुसऱ्या हातात घेतला.

"बटणात काडी होती," तो एकदम म्हणाला. "आगपेटीची. मीच खोचलेली. काढायची राहिली. म्हणून ते स्टेजवर आलं. तुम्हाला ऐकवायचं नव्हतं."

ती थांबली. "काडी होय? आम्हाला वाटायचं, कुणीतरी मुद्दाम."

"नाही. म्हणजे बोललो मीच. पण..."

"नंबर आला की सांगा," ती म्हणाली. "पाठ आहे मला. घरी भाऊ केवढा चिडला होता, मशीनवाल्याला शोधायला निघाला होता. मीच म्हटलं, जाऊ दे रे. त्याला नाही आवडलं, तो बोलला. सगळ्यांना आवडायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

भोंगेवाल्याने बॉक्स गाडीत ठेवला, पट्टा आवळला, पुन्हा सैल केला, पुन्हा आवळला. "त्या दिवसापासून मला..."

"त्या दिवसाचं सोडा हो. तेव्हा पोरगे होतात तुम्ही." तिने गाडीचं मागचं दार लावलं. "पण आज तर आवडत होतं ना? मी दारात उभी होते. दोन मिनिटं बघत होते तुम्हाला. मग कॅसेट माझ्या गळ्यात का घातलीत?"

तो पुन्हा पट्टा चाचपायला गेला, पण दार लागलेलं होतं. मग घाईघाईने म्हणाला, "थांबा, कॅसेट आणून देतो. तुमच्याकडे नाहीये म्हणालात. धावत जातो."

"नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "राहू दे तुमच्याकडे. तुम्हाला कामाला लागते."

गाडी गेली. भोंगेवाला परत आला तेव्हा टेलरने चहा सांगितलेला होता आणि मास्तर घोगऱ्याबरोबर मांडीवर ठेका धरत होते.

"कोण रे बाई? बरीच गप्पिष्ट दिसते," टेलर म्हणाला.

"तीच ती," भोंगेवाला म्हणाला. "गाणारी. गिटारवाल्याची बहीण."

मांडीवरचा ठेका थांबला. "अरे देवा," मास्तर म्हणाले. "आणि आम्ही तोंडावर..."

"आणि कॅसेट तिची नाही, माझी आहे." त्याने फडकं उचलून दाखवलं. "ते शेवटचे दोनच अल्बम चांगले आहेत. घोगऱ्याचा आवाज म्हणजे निम्मा मी फिरवलेला एको होता. मी वीस वर्षांहून जास्त हेच ऐकतोय. ते वाक्य बोललो ती माझी चूक होती. ते तिला ऐकू गेलं होतं."

त्याला वाटलं, झालं, आता काहीतरी होईल.

मग टेलरचे खांदे हलायला लागले. "काय पण पठ्ठ्या आहे हा!" डोळे पुसत तो म्हणाला. "चेहरा बघा मास्तर, चेहरा बघा ह्याचा! एक सुरकुती हलत नाही. एको म्हणे!"

"मी खरं सांगतोय."

"हो हो, आणि मी आजवर बटणं उलटी लावत आलोय."

"खरंच सांगतोय रे."

मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, नापास झालेल्या पोराला थोपटावं तसं. "बाई समोर आली, तुला वाईट वाटलं. साहजिक आहे. पण त्यासाठी मत नको बदलूस बाबा. आपलं एक मत असतं माणसाचं."

चहा आला. टेलरने पहिला घोट घेतला आणि पुन्हा फुसकन हसला, चहा नाकात गेला. मास्तरांनी त्याची पाठ चोळली. त्या गडबडीत भोंगेवाल्याने खालचा खण उघडला, पण कॅसेट आत टाकली नाही; ती टेबलावर, डिंकाच्या डब्याजवळ ठेवली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला आणखी एकदा सांगावंसं वाटलं, पण कसं सांगायचं हे सुचेना. खोटं इतकी वर्षं इतकं छान जमलं होतं, की आता त्याच आवाजात खरं बोलावं तरी कसं?

रांगेत पुढचा स्पीकर होता एका शाळेचा, आतला कागदी कोन फाटून लोंबणारा. त्याने तो मांडीवर घेतला, फाटका कागद ओढून काढला आणि पटाशीने चौकटीच्या कडेचा जुना, पिवळा पडलेला डिंक खरवडायला सुरुवात केली.