सही त्यांची, आकडे माझे

एका ब्लाउजसाठी मी तीन आकडे खोटे लिहिले. माझ्या मूर्खपणाचे प्रकार मोजायला बसलं तर नातवंडांची बोटं उसनी घ्यावी लागतील, पण पहिला नंबर याचाच. मोरपंखी ब्लाउज, फुग्याच्या बाह्यांचं. जबलपूरच्या नेपियर टाउनातला टेलर पाचला शटर ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी मावसबहिणीचं लग्न. मी पंचवीस वर्षांची, पॉलिटेक्निकच्या सिव्हिल लॅबमध्ये असिस्टंट. कमरेपर्यंत वेणी आणि डोक्यात भुसा.

काम सोपं होतं. स्लॅब ओतताना त्याच काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवतात आणि मग मशीनखाली दाबून फोडतात. किती वजनाला फुटले, तो आकडा लिहायचा. त्यावर ठरतं, स्लॅबखालचे टेकू काढायचे की नाही. त्या दिवशी तीन ठोकळे होते. मी ते पाण्यातून काढलेसुद्धा नाहीत. मागच्या खेपेचे आकडे घेतले, जरा इकडेतिकडे केले, आणि कागद आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"काहून पळून राहिली ग?"

"टेलर बंद होऊन राहिला, मॅडम!"

मॅडम हसल्या आणि सही केली.

तुम्ही जबलपूरकर असाल, तर पाहिलं असेल त्यांना. सुती साडी, पायात पुरुषी बूट. कोणाच्याही घरी गेल्या की पाणी घेण्याआधी भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करायच्या आणि कान लावायच्या. यजमानीण कौतुकानं रंग दाखवत असायची. मॅडम म्हणायच्या, "दिसतं ते प्लास्टर." माणसांबद्दलही हेच मत. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्याच्या खांद्यावर दोनदा ठोकलं नि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "भरीव आहे ग. कर."

आमच्या स्टाफवर इंजिनिअर बाई त्या एकट्याच. साइटवर ठेकेदार म्हणायचा, "मैडम, आप नीचे बैठिए, चाय मँगवाता हूँ." मॅडम पदर खोचून बांबूच्या पाडावर, म्हणजे परांचीवर, चढायच्या आणि वरून सांगायच्या, "चाय ऊपर भेज दो, भैया."

वर्गात तीन मुली होत्या, त्याही त्यांनी मदन महालच्या गल्ल्यांतून गोळा करून आणलेल्या. एका बापानं विचारलं, पोरगी पाडावर चढेल का? मॅडम म्हणाल्या, "डबे काढायला माळ्यावर चढते ना? तेव्हा नाही विचारलं तुम्ही."

भेडाघाटच्या रस्त्यावर त्यांच्या चर्चची एक लहान शाळा होती. तिच्या व्हरांड्याचं डिझाइन मॅडमनी फुकट करून दिलं होतं. माझे तीन ठोकळे त्याच व्हरांड्याचे.

टेकू काढल्यावर चार महिने व्हरांडा उभा होता. मग एका दुपारी पडला. मुलं वर्गात होती. शाळेची आया मधल्या सुट्टीची घंटा द्यायला बाहेर आली होती. तिची चार वर्षांची मुलगी आत पोत्यावर झोपली होती. घंटा झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम लॅबमध्ये आल्या, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांची नखं तुटलेली होती. दार लावून त्यांनी विचारलं, "ठोकळे फोडले होतेस ना तू?"

"हो, मॅडम."

त्यांनी दाराची कडी काढली. मग म्हणाल्या, "बरं."

लग्नाहून आल्यावर ते ठोकळे मी अख्खेच लॅबमागच्या ढिगाऱ्यावर टाकून दिले होते. मॅडम गेल्यावर धावत मागे गेले. तिथे ते नव्हते. मलब्याची ट्रॉली घेऊन गेली असेल, असं मी मनाला सांगितलं. त्या वयात मन फार ऐकायचं माझं.

चौकशी झाली. ठेकेदारानं सिमेंट कमी घातलं होतं, तो गाव सोडून गेला. टेकू कोणाच्या शब्दावर काढले, असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "सही माझी आहे." आकडे कोणाचे, ते सांगितलं नाही. विभागप्रमुखपद गेलं, साइटची कामं बंद झाली. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून रडले. लोक म्हणाले, किती जीव आहे हिचा मॅडमवर! ते ब्लाउज मी मावसबहिणीच्या लग्नात घातलं होतं, फोटो आहे. बाह्या छान आल्या होत्या.

आता तुम्ही विचाराल, इतकी वर्षं मी काय केलं? नोकरी केली. संसार केला. दर नाताळाला मॅडमकडे चिवडा घेऊन गेले.

मॅडमनी मात्र बरंच केलं. वीस वर्षं शिकवलं. त्यांच्या हाताखालच्या मुली आज कुठे कुठे पूल बांधून राहिल्या आहेत. पन्नाशीत धर्मशास्त्र शिकायला गेल्या आणि पाळक होऊन परतल्या. बाईच्या हातून प्रभुभोजन घ्यायचं नाही म्हणून काही घरं सुरुवातीला चर्चबाहेर उभी राहायची. मॅडम उपासना संपली की बाहेर जाऊन आधी त्यांनाच हात जोडायच्या. प्रवचन दहा मिनिटांचं. "लांबलं की मधे वाकतं," म्हणायच्या. बाकी वेळ सरकारी दवाखान्यात शवागाराबाहेरच्या बाकावर जात असे. कोणाचंही कोणी गेलेलं असो, शेजारी जाऊन बसायच्या. बोलायच्या नाहीत. एकदा मी विचारलं, "काही तरी म्हणत जा ना, दोन शब्द." तर म्हणाल्या, "काय म्हणू? मी त्या बाकावर नवीन नाही."

आणि ती मुलगी, आयाची. बापानं दुसरं लग्न केल्यावर मॅडमनी तिला घरी आणलं, वाढवलं, सिव्हिललाच घातलं. आज ती त्याच पॉलिटेक्निकात शिकवते. दर नाताळाला दार तीच उघडायची. चहा तीच आणायची. "साखर कमी ना, आंटी?" मी म्हणायची, हो. मला साखर भरपूर लागते, पण त्या घरात कधी मागितली नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळानं मॅडमचा सत्कार ठरवला. अभियांत्रिकी, शिक्षण, धर्मसेवा, तिन्हींबद्दल. मानपत्र लिहायला मी, कारण माझं अक्षर चांगलं आणि जिव्हाळा जगजाहीर. सांगायला गेले तेव्हा मॅडम अंथरुणावर होत्या. त्यांनी विचारलं, "खरं लिहिशील?" मी म्हटलं, "म्हणजे काय, मॅडम!" त्यांनी डोळे मिटले. मी त्यांची चादर सारखी केली. सांगायला तोंड उघडलंसुद्धा. मग परिचारिका आली, आणि मला बरं वाटलं.

समारंभाच्या बारा दिवस आधी त्या गेल्या. शाल फोटोला घालायची की खुर्चीला, यावर कमिटीत दोन तास वाद झाला. शेवटी खुर्चीला घातली. ती सारखी घसरत होती.

मी मानपत्र वाचलं. अभियांत्रिकीचा परिच्छेद झाला, शिक्षणाचा झाला. त्यात व्हरांडा नव्हता; मंडळाचे अध्यक्ष म्हणाले होते, "शुभ कार्यात ते काहून काढता?" तिसऱ्या परिच्छेदावर मी वर पाहिलं. पहिल्या रांगेत ती, आयाची मुलगी, बसली होती, मांडीवर हात ठेवून. मी कागद खाली ठेवला.

"त्या व्हरांड्याचा रिपोर्ट मी लिहिला होता," मी माइकमध्ये म्हणाले. "ठोकळे मी फोडलेच नव्हते. मॅडमनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मीही पुढे आले नाही."

सूत्रसंचालकानं माझ्या हातातून माइक घेतला, "अत्यंत भावुक क्षण" असं काहीसं म्हणाला आणि चहाची घोषणा केली. लोक उठले. माझ्याजवळून जाताना जरा लांबून जात होते. बरोबरच होतं.

ती उठली नव्हती. सभागृह रिकामं झाल्यावर माझ्यापाशी आली. घसरलेली शाल उचलून तिनं घडी केली. तिची मराठी मॅडमच्या घरचीच.

"मी फर्स्ट इयरला होते, तेव्हाच मॅडमनी मला सगळं सांगितलं होतं, ढिगाऱ्यावरून उचललेले ते तीन अख्खे ठोकळेही दाखवले होते, आंटी. मी म्हटलं, आंटी स्वतः कधी सांगतील? म्हणाल्या, सांगेल. मी म्हटलं, आणि नाही सांगितलं तर? म्हणाल्या, तरी तू विचारायचं नाही. पंचवीस वर्षांपासून मी नाही विचारून राहिली."